‘ताईंना सांगू नकोस’

एका आईचं पत्र, थोडक्यात: माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. पाचव्या वर्षापासून ती एका छोट्या क्लबात जिम्नॅस्टिक्स शिकते. शिकवणाऱ्या एकट्याच, सगळी मुलं त्यांना ताई म्हणतात. आठवड्यातून चार दिवस, दोन-दोन तास सराव असतो. मागच्या स्पर्धेत एका मोठ्या क्लबच्या सरांनी तिला पाहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘मुलीत गुण आहेत, पण आधीच उशीर झालाय. आत्ता आणली नाहीत तर नंतर उपयोग नाही.’ तिथे फोमचा खड्डा आहे (पडलं तरी लागू नये म्हणून मऊ फोमने भरलेला), सगळी साधनं आहेत, भिंतभर पदकं आहेत. सराव सहा दिवस, एकूण वीस तास. इथे मात्र ती चार महिने बीमवरच्या, म्हणजे उंच अरुंद पट्टीवरच्या, फ्लिकपाशी अडकली आहे (मागे हातांवर झेपावून पुन्हा पायांवर यायचं, ते). जमिनीवर सहज करते, बीमवर चढली की थिजते. मला वाटतं ताईंची मर्यादा आली. नवरा म्हणतो, चाललंय ते चालू दे. मुलगी एक दिवस ‘जाऊ या’ म्हणते, दुसऱ्या दिवशी रडते. मध्ये मध्ये तिचं मनगट दुखतं, पण सगळ्यांचंच दुखतं असं ती म्हणते. परवा झोपताना म्हणाली, ‘ताईंना सांगू नकोस हं.’ ताईंनी फी न घेता तिला कितीतरी जादा वेळ दिलाय. क्लब सोडला तर कृतघ्नपणा, नाही सोडला तर मुलीचं नुकसान. काय करू?

तुमचं पत्र वाचताना माझी नजर पुन्हा पुन्हा एकाच जागी अडत होती. तुम्ही मनगटाचं जाता जाता लिहिलंत आणि लगेच ताईंच्या उपकारांकडे वळलात. मी तिथूनच सुरुवात करते, कारण क्लबचा निर्णय दोन महिने थांबू शकतो, मनगट थांबू शकत नाही.

या खेळात हातांचे पाय होतात. हँडस्टँड असो, कार्टव्हील असो, फ्लिक असो, अंगाचा सगळा भार मनगटावर येतो, आणि वेगात असताना तो अंगाच्या वजनाहून बराच जास्त असतो. वाढत्या वयाच्या मुलांच्या हाडांना टोकाशी कूर्चेचा एक थर असतो, ग्रोथ प्लेट म्हणतात तो. हाड लांबीला वाढतं ते तिथून. हा थर आजूबाजूच्या हाडापेक्षा नाजूक असतो. रोज शेकडो वेळा त्यावर दाब पडत राहिला की मनगटाशी, अंगठ्याच्या बाजूच्या हाडाच्या टोकाला तो दुखावतो. जिम्नॅस्ट मुलांमध्ये हे इतकं दिसतं की डॉक्टर त्याला ‘जिम्नॅस्टचं मनगट’ असंच म्हणतात. वेळीच लक्षात आलं तर उपाय साधा आहे: काही आठवडे, कधी काही महिने, हातावर भार घ्यायचा नाही. बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात. दुर्लक्ष झालं तर तो थर वेळेआधी बंद होऊ शकतो आणि त्या हाडाची वाढ तिथेच थांबू शकते.

म्हणून या आठवड्यात तिला हाडांच्या किंवा खेळाडूंच्या दुखापती पाहणाऱ्या डॉक्टरांकडे न्या. ती आठवड्याला किती तास आणि काय काय करते ते त्यांना नीट सांगा, कारण सुरुवातीला एक्स-रेमध्ये काहीच दिसत नाही असंही होतं आणि मग माहितीवरच भिस्त असते. पट्टी गुंडाळून किंवा दुखणं मारणारी गोळी देऊन सरावाला पाठवू नका. ‘सगळ्यांचंच दुखतं’ हे तिचं म्हणणं खरंही असेल. पण सगळ्यांचं दुखतं म्हणून ते दुखणं किरकोळ ठरत नाही. आणि या अवस्थेत तिला नव्या क्लबात चाचणीला नेणं तर अजिबात नको. मुलं चाचणीत जीव तोडून करतात. दुखणं लपवून करतात.

आता त्या वाक्याकडे येऊ. ‘ताईंना सांगू नकोस.’ हे ऐकून तुम्ही काय म्हणालात ते पत्रात नाही. झोपेच्या वेळी अशी गोष्ट निघाली की आपण ‘बरं, झोप आता’ म्हणतो, मीही म्हटलं असतं. पण तुमच्या सगळ्या प्रश्नाची किल्ली मला तिथे दिसते. तिला का सांगायचं नाही? कदाचित सांगितलं तर पुढच्या स्पर्धेतून नाव कमी होईल, ही भीती असेल. कदाचित ताईंना वाईट वाटेल म्हणून असेल, ज्या ताई आपल्यासाठी जादा थांबतात त्यांना निराश कसं करायचं, हे ओझं नऊ वर्षांची मुलं खरंच वाहतात. आणि कदाचित यापूर्वी कुणीतरी ‘दुखतंय’ म्हटल्यावर ‘नाटकं करू नकोस’ असं उत्तर आलेलं तिने ऐकलं असेल. पहिली दोन कारणं असतील तर ती बोलून सुटतात. तिसरं असेल तर क्लब सोडण्याचं ते पुरेसं कारण आहे, मग समोर दुसरा क्लब असो वा नसो.

तिला थेट ‘का?’ विचारू नका, मुलं खांदे उडवतात. ‘मागे कुणी ताईंना दुखतंय म्हणून सांगितलं होतं का गं? मग काय झालं?’ असं विचारा. दुसऱ्याची गोष्ट सांगताना मुलं स्वतःचं सांगून जातात. आणि हेही सांगा, की दुखण्याचं गुपित मी ठेवू शकत नाही, पण तुझ्या वतीने बोलताना तू माझ्याबरोबर असशील.

तुम्ही दोन क्लब समोरासमोर ठेवून तोलताय: इथे साधनं कमी, तिथे जास्त, इथे पदकं कमी, तिथे भिंतभर. मला वाटतं, तोलायची गोष्ट दुसरीच आहे. तुमची मुलगी कोणापाशी ‘दुखतंय’ आणि ‘भीती वाटते’ हे दोन शब्द उच्चारू शकेल? या खेळात ते दोन शब्द तोंडातल्या तोंडात राहिले की मूल पडतं, लागतं, किंवा एके दिवशी किट बॅग कोपऱ्यात टाकून परत येतच नाही.

आधी सरांच्या ‘उशीर झालाय’बद्दल बोलते, कारण त्या एका वाक्याने तुमची झोप उडवलेली दिसते. १९७६मध्ये माँट्रियलला रोमानियाच्या नादिया कोमानेचीने ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा पूर्ण १० गुण मिळवले तेव्हा ती चौदा वर्षांची होती. जिम्नॅस्टिक्स म्हणजे चिमुरड्यांचा खेळ ही समजूत त्या काळात घट्ट झाली आणि अजून पालकांच्या मनातून गेलेली नाही. पण नियम बदलले. आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाने महिलांच्या मोठ्या स्पर्धांसाठी किमान वय १९८१पासून १५ केलं आणि १९९७पासून १६. म्हणजे अगदी ऑलिम्पिकचं स्वप्न धरलं तरी तुमच्या मुलीपुढे किमान सात वर्षं आहेत. ओक्साना चुसोवितिना ही जिम्नॅस्ट ३३व्या वर्षी, २००८मध्ये, व्हॉल्टचं (धावत येऊन टेबलावरून मारायच्या उडीचं) ऑलिम्पिक रौप्य जिंकली आणि टोकियोत ४६व्या वर्षी आठव्यांदा ऑलिम्पिकमध्ये उतरली. तिच्यासारखं सगळ्यांना जमत नाही, हे मलाही कळतं. पण नवव्या वर्षी दार बंद होतं, हे खरं नाही. लवचिकपणा, हँडस्टँडची सरळ रेघ, पायांची ताकद, उडीनंतर नीट टेकणं, हा पाया या वयात घातला जातो, आणि तो छोट्या हॉलमध्येही उत्तम घालता येतो. ज्यांच्या मुलांना दहाव्या-अकराव्या वर्षी हा खेळ सापडला आहे त्यांनीही हे वाचून धीर धरावा. मुलग्यांच्या पालकांना तर आणखीच सवड असते, कारण त्यांची सहा साधनं ताकदीवर उभी असतात आणि ती ताकद वयात आल्यावर येते.

कुणी आपल्याला ‘आत्ता नाही तर कधीच नाही’ म्हणतं तेव्हा आपण घाईने विचार करतो. सर वाईट हेतूने म्हणाले असं मी म्हणत नाही. त्यांना मुलीत काही दिसलं असेल आणि ते खरंही असेल. पण ज्यांना मूल घडवायचं आहे त्यांना दोन महिने थांबता येतं. तुम्ही ‘थोडा वेळ हवा’ म्हणून पाहा. त्यावर काय उत्तर येतं, त्यातून त्यांच्याबद्दल बरंच कळेल.

मग चार महिन्यांचं अडकणं. तुम्ही त्याचा अर्थ ‘ताईंची मर्यादा’ असा लावलात. होऊ शकतं. पण बीम म्हणजे काय ते एकदा डोळ्यांसमोर आणा: १० सेंटिमीटर रुंद, म्हणजे आपला तळवा आडवा ठेवला तर जवळजवळ भरून जाईल इतका, जमिनीपासून सव्वा मीटर उंच. नऊ वर्षांच्या मुलीच्या जवळजवळ डोळ्यांइतकी ती उंची. त्यावर पाठमोरं, न बघता, हातांवर जायचं आणि पाय पुन्हा त्याच पट्टीवर आणायचे. तिथे थिजणं म्हणजे मेंदू शाबूत असल्याची खूण आहे. मागे जाणाऱ्या कौशल्यांची अशी धास्ती या खेळात फार मुलांना कधी ना कधी बसते, आणि बऱ्याचदा आधी जमत असलेलं कौशल्यही अचानक हातातून निसटतं. अमेरिकेची अव्वल जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स, तिचं टोकियो ऑलिम्पिकमध्ये काय झालं ते साऱ्या जगाने पाहिलं. हवेत गिरक्या घेताना आपण कुठे आहोत हेच तिला कळेना, तेव्हा तिने सांघिक अंतिम फेरीतून माघार घेतली. काही दिवसांनी ती बीमवर परतली ती शेवटच्या उडीतली गिरकी काढून टाकून, सोप्या उतरणीसह, आणि कांस्य घेऊन गेली. मला त्यात पदकापेक्षा मोठं वाटतं ते हे, की तिने अडचण बोलून दाखवली आणि एक पायरी खाली येऊन वाट काढली.

चांगला शिक्षक हेच करतो. मी हे जवळून पाहिलंय. माझ्या भाचीला सरावाला नेणं-आणणं दोन वर्षं माझ्याकडे होतं. हॉलच्या कडेच्या बाकावर बसून मी एका मुलीची भीती उतरताना पाहिली. आधी जमिनीवर आखलेली रेघ. मग जमिनीलगतचा बुटका बीम. मग उंच बीम, पण दोन्ही बाजूंनी गाद्या रचून त्याच्याच उंचीला आणलेल्या, जणू बीम गादीत बुडालाय. त्या गाद्यांची थप्पी दर काही दिवसांनी एकेका गादीने कमी व्हायची. एक दिवस मुलगी म्हणाली, ‘आज नको काढू.’ शिक्षिकेने हातात उचललेली गादी परत ठेवली. एक शब्द बोलल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात त्या मुलीने स्वतःच गादी ओढून बाजूला टाकली, खडूच्या पावडरीने पांढरे झालेले हात मांडीवर पुसले, आणि गेली मागे.

तेव्हा ताईंना जाऊन विचारा, बीमच्या भीतीसाठी तुम्ही काय करताय? पायऱ्यांचं उत्तर आलं, ‘सध्या आम्ही इथे आहोत, पुढे हे, मग ते’, तर चार महिने फार नाहीत. ‘करेल ती, फक्त मन घट्ट करायला हवं’ एवढंच उत्तर आलं, तर तुमची शंका बरोबर असू शकते. आणि मनगटाचं कळल्यावर माझ्या मनात आणखी एक आलं. जे मनगट दुखतं, त्याच्यावर उंच जागी सगळा भार टाकायला शरीर नकार देत असेल, तर त्याला भीती म्हणायचं की शहाणपण? डॉक्टरांना दाखवेपर्यंत तो फ्लिक बाजूलाच राहू दे.

पत्रावरून वाटतं, ताईंशी तुम्ही यातलं काहीच बोललेला नाहीत. सर काय म्हणाले ते नाही, तुमची शंका नाही, मुलीचं दुखणं नाही. ज्या बाईंबरोबर तुमची मुलगी चार वर्षं आहे, त्यांच्या पाठीमागे हा सगळा खल चाललाय. यात दोष देण्यासारखं काही नाही, अवघड बोलणं आपण सगळेच पुढे ढकलतो. पण निर्णयासाठी लागणारी निम्मी माहिती त्यांच्याकडेच आहे. येत्या वर्षासाठी तुमच्या मनात तिच्याबद्दल काय आहे? तुमच्याकडे काय शिकवता येणार नाही? तशी वेळ आली तर तुम्ही स्वतः आम्हाला कुठे पाठवाल? हे विचारा. ‘माझ्याकडे फोमचा खड्डा नाही, अमुक कौशल्याच्या पुढे तिला दुसरीकडे जावं लागेल’ असं मोकळेपणाने सांगणारे शिक्षक असतात. काही जण महिन्यातून एखादा दिवस मोठ्या हॉलमध्ये मुलांना घेऊन जायची सोयही करतात. आणि काही जण रागावतात. तेही कळलेलं बरं.

कृतज्ञतेबद्दल एकच सांगते. ताईंनी तुमच्या मुलीला जे दिलं ते तिच्या खांद्यांत, पाठीत आणि हँडस्टँडमध्ये आहे, ते ती कुठेही गेली तरी बरोबर जाईल. त्याची परतफेड म्हणून मूल तिथे ठेवायचं नसतं. पण त्यांना तोंडावर न सांगता, चोरून चाचणी देऊन, मग एक मेसेज टाकून निघून जाणं हे मात्र करू नका. आमच्याकडे तसंच झालं होतं. भाचीचा क्लब बदलला तेव्हा घरातल्या मोठ्यांनी ठरवलं, जुन्या शिक्षिकेला काही कळवलंच नाही, फी भरणं बंद केलं एवढंच. त्या घरात मीही एक मोठी होते. पुढे कितीतरी महिने रस्त्यात त्या बाई दिसल्या की भाची माझ्या मागे लपायची, माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरून. तिने काहीच चूक केली नव्हती. चूक आमची होती, आणि लाज ती वाहत होती.

आता नवा क्लब. भिंतीवरची पदकं पाहून ती किती मुलांमधून आली हे कळत नाही, आणि किती मुलं मध्येच गळली हे तर मुळीच नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुली तिथे किती आहेत ते पाहा. नऊ-दहाच्या पंचवीस आणि चौदाच्या दोन, असं दिसलं तर मधल्या कुठे गेल्या ते विचारा. एखाद्या सरावाला पूर्ण वेळ बसा आणि ज्या मुलीला सगळं येतंय तिच्याकडे बघूच नका. जी पडते तिच्याकडे बघा. पडल्यानंतर तिचे डोळे कुठे जातात? शिक्षकाकडे आधारासाठी जातात, की शिक्षकाने पाहिलं तर नाही ना, हे बघायला जातात? मला या एका गोष्टीतून जेवढं कळतं तेवढं माहितीपत्रकातून कधी कळलं नाही. जेव्हा कुणी रडतं तेव्हा बाकीची मुलं काय करतात तेही पाहा. मुलं मोठ्यांचं वागणं हुबेहूब उचलतात.

आणि बसू देत नसतील तर? काही क्लब रोज पालक नको म्हणतात, त्यात तथ्य आहे, आईच्या नजरेखाली मुलं अवघडतात. पण कधीच येऊ देत नाहीत, खिडकीही नाही, दाराआड काय चालतं ते मुलांनी घरी बोलायचं नाही, असं असेल तर मागे वळून बघू नका. ब्रिटनमध्ये २०२०मध्ये माजी जिम्नॅस्ट बोलू लागल्या, त्यावर स्वतंत्र चौकशी बसली आणि २०२२मध्ये तिचा अहवाल आला. चारशेहून अधिक जणांनी आपली हकीकत कळवली होती. दुखापत असताना सराव करायला लावणं, वजनावरून हिणवणं, खाणं, पाणी, अगदी शौचाला जाणंही रोखणं, हे सगळं त्यात नोंदलं गेलं. हे चांगल्या नावाच्या, पदकं मिळवणाऱ्या ठिकाणीही घडलं, आणि पालक बाहेर गाडीत वाट बघत बसलेले होते. मी तुम्हाला घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. बहुतेक प्रशिक्षक मुलांवर माया करणारेच असतात. पण मुलांच्या वजनाबद्दल त्यांच्यासमोर बोललं जातं का, दुखापतीनंतर परत कधी यायचं हे डॉक्टर ठरवतात की क्लब, मुलांना हाताने आधार देताना आणि ताणायला लावताना कसं केलं जातं, तक्रार असेल तर कुणाकडे करायची, हे चार प्रश्न विचारायला संकोच करू नका. चांगल्या ठिकाणी या प्रश्नांचं स्वागत होतं.

तासांचं काय? आठवरून एकदम वीस, ही उडी मला सगळ्यात जास्त खटकली. जास्त तास म्हणजे जास्त प्रगती असं आपल्याला वाटतं, पण वाढत्या शरीराचं गणित वेगळं असतं. मुलाने आठवड्याला जितकी वर्षं वय तितक्या तासांहून जास्त एकाच खेळाचा सराव करू नये, असा एक ढोबळ आडाखा खेळवैद्यकात वापरतात. त्यापुढे गेलं की अतिताणाच्या गंभीर दुखापती वाढलेल्या दिसतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे की मुलांना आठवड्यातून किमान एक-दोन दिवस आपल्या खेळापासून सुट्टी हवी, आणि वर्षभरात मिळून तीन महिने. जिम्नॅस्टिक्समधले बरेच क्लब हे पाळत नाहीत, आणि जे पुढे जातात ते पुष्कळ तास घालतात, हे मला माहीत आहे. तरीही दुखऱ्या मनगटाच्या मुलीचे तास अडीचपट करणं याला मी हो म्हणू शकत नाही. नवव्या वर्षी नऊ ते बारा तास झोप लागते. सराव, शाळा, ये-जा, गृहपाठ हे सगळं एका कागदावर मांडा आणि उरलेल्या जागेत झोप मावते का पाहा. नाही मावली तर उत्तर तिथेच मिळालं.

शिवाय दोन-तीन वर्षांत तिची उंची झपाट्याने वाढेल. त्या काळात हाडं पुढे धावतात, स्नायू मागे राहतात, अंग आखडतं, टाचा आणि गुडघे दुखतात, काल येणारं आज येईनासं होतं. कमान टाकताना कंबर दुखू लागली आणि दोन-तीन आठवड्यांत थांबली नाही, तर तेही तपासून घ्यायला हवं. त्या वर्षांत सराव कमी करून धीर देणारं माणूस हवं असतं. दोन्ही ठिकाणी विचारा, मुली उंच होऊ लागल्या की तुम्ही काय बदलता?

मुलगी कधी हो म्हणते, कधी रडते, याला तुम्ही गोंधळ म्हणता. मला वाटतं, दोन्ही खरं आहे. तिला फोमच्या खड्ड्यात उडी मारायची आहे आणि मैत्रिणींना सोडायचं नाही. मैत्रिणी हे कारण आपण मोठी माणसं हलकं समजतो. पण रोज दोन तास घाम गाळायला मुलं येतात ती अर्ध्याहून अधिक मैत्रिणींसाठीच, निदान या वयात. तिला ‘तुला कुठे जायचंय, तू ठरव’ असं म्हणू नका. हा निर्णय तिच्या वयाला जड आहे, आणि उद्या काही बिनसलं तर ती स्वतःला दोष देईल. तिचं म्हणणं ऐका आणि ठरवा तुम्ही दोघांनी. गाडीत, सरावाहून परतताना, हा विषय काढायचा नाही एवढं मात्र पाळा. तेव्हा तिच्या अंगात त्राण नसतं.

आणि नवऱ्याचं ‘चाललंय ते चालू दे’ हेही तपासून बघायला हवं. चाललंय म्हणजे काय? मनगट दुखतंय आणि ते सांगायची चोरी आहे, हे चालू द्यायचं नाहीये.

मी काय करेन ते सांगते. डॉक्टर आधी. मग ताईंशी बोलणं, मुलीला बरोबर घेऊन मनगटाचं, आणि नंतर एकट्याने बाकीचं. विश्रांतीच्या काळात तिला घरी बसवू नका. हातावर भार न घेता उड्या, पायांची ताकद, बीमवरची चाल, वळणं हे पुष्कळ करता येतं, आणि हॉलमधलं तिचं स्थान टिकतं. ताई ही विश्रांती मनापासून पाळतात की दुसऱ्याच आठवड्यात ‘थोडं करून बघ’ म्हणतात, हे या काळात दिसेलच. मी तर त्याच्यावरच निम्मा निर्णय सोडेन. मनगट बरं झालं, स्पर्धांचा हंगाम संपला, की ताईंना सांगून नव्या क्लबात दोन आठवडे पाठवा. एका दिवसाच्या चाचणीत सगळेच गोड असतात. सरांना विचारा, कमी तासांपासून सुरुवात करता येईल का. गेलात तर पहिले काही महिने ती मागे गेल्यासारखी वाटेल, कारण नवे शिक्षक पाया पुन्हा पक्का करून घेतात आणि कदाचित खालच्या गटात घालतात. त्याला अपयश समजू नका आणि तिलाही समजू देऊ नका.

ताईंची उत्तरं समाधानकारक असतील तर मी आणखी एक वर्ष तिथेच काढेन. सिमोन बाइल्स लहानपणापासून रिओ ऑलिम्पिकपर्यंत एकाच प्रशिक्षकाकडे शिकली आणि त्यानंतर तिने प्रशिक्षक बदलले. दोन्ही टप्प्यांवर ती बहरली. आपली दीपा कर्माकर एकाच गुरूंच्या हाताखाली राहून २०१६मध्ये त्याच रिओ ऑलिम्पिकमध्ये व्हॉल्टला चौथी आली. यातून राहा किंवा जा असा कुठलाच नियम निघत नाही, आणि म्हणूनच तुम्ही काहीही ठरवलंत तरी मुलीचं आयुष्य त्यावर तोललेलं नाही. मनगटाची उपेक्षा झाली, मुलीला दुखणं लपवायला लागलं, किंवा ताईंच्या बोलण्याने ती मिटून जाऊ लागली, तर मात्र वर्ष कशाला, आठवडाही थांबू नका.

आज रात्री ती झोपताना तिच्याजवळ बसाल तेव्हा तो हात हातात घ्या आणि नेमकं कुठे दुखतं ते तिलाच बोटाने दाखवायला सांगा. डॉक्टरांना तीच जागा दाखवायची आहे. ते काय म्हणाले ते मला जरूर कळवा, मी वाट बघते.